वत्सलाबाईनं माफी दिली नाही

केजच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की जे गाव लागतं तिथं वत्सलाबाईचा पत्ता विचारायचा तर लोक विचारायचे, "कोणती वत्सलाबाई? ती तापट?" नावाआधी हे विशेषण लागून गेलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचाही तिला राग यायचा.

ती माहेरची लिंबागणेशकडची. लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवाळीनंतर नवऱ्यासोबत कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. नवरा आश्रुबा म्हणजे अगदी गरीब गाय. एकदा फडात मुकादमानं उगाच त्याच्या कानाखाली वाजवली, तर हा गडी गाल चोळत मोळ्या बांधायला लागला. वत्सलाबाई मात्र कोयता तसाच हातात धरून मुकादमासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता मला मार." मुकादम मागं सरला. त्या दिवसापासून टोळीत दोन गोष्टी ठरून गेल्या. आश्रुबा देवमाणूस आणि त्याची बायको जहाल.

लोकांचं सोडा, तिलाही तसंच वाटायचं. राग हा आपला दुर्गुण आहे, हे तिनं मान्य करून टाकलं होतं. त्याला कारणही होतं. धाकट्या जावेशी एका चुलीवरच्या पातेल्यावरून तिचं असं वाजलं होतं, की दोघींनी पुढं बोलणंच टाकलं. जाऊ कावीळ होऊन गेली, तरी बोलणं राहिलं ते राहिलंच. तो राग कसला होता हे वत्सलाबाईला नंतर चांगलं कळलं. त्यात नुसता हेका होता, मत्सर होता. चतुर्थीला माहेरच्या गणपतीपुढं उभी राहिली की ती एकच मागायची, एवढा माझा राग काढून घे. गावात दरसाल अखंड हरिनाम सप्ताह बसायचा. तिथं बायकांत पुढं बसून ती कीर्तन ऐकायची. महाराज सांगायचे, माणसाला सहा वैरी आहेत, काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. दुसरा वैरी आला की तिची मान खाली जायची.

मुलगा रामेश्वर मात्र दोघांतलं चांगलं तेवढं घेऊन जन्मला होता. तोंडावर खरं बोलायचा, पण आवाज चढवायचा नाही. त्यानं कोयता धरला नाही. केजला मोटारींचं वाइंडिंग भरायच्या दुकानात काम शिकला आणि तिथंच लागला. विहिरीवरची जळालेली मोटर असो की पिठाच्या गिरणीची, लोक त्याच्याकडं यायचे. दहावी झाल्यावर त्यानं आपण होऊन गळ्यात तुळशीची माळ घातली. तेव्हापासून मटण नाही, दारू नाही, तंबाखूसुद्धा नाही. लग्न झालं, रोहिणी घरात आली, आरोही झाली. वत्सलाबाईनं कोयता खाली ठेवला.

रामेश्वर गेला त्या दिवशी ऊस कारखान्यांकडं चालला होता. गावातल्या आप्पारावांचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस रचलेला. वळणाच्या अलीकडं चाक बसलं. ड्रायव्हर हनुमानानं ट्रॉल्या तशाच रस्त्यावर सोडल्या आणि मिस्त्री आणायला गेला. दिवस मावळला होता, अंधार पुरता पडला नव्हता. अशा वेळी समोरचं धड दिसत नाही आणि दिसत नाही हेही कळत नाही. रामेश्वर दुकान बंद करून मोटारसायकलवर येत होता. तो थेट मागच्या ट्रॉलीवर गेला.

मरण आलं ते आलं. वत्सलाबाई रडली, तिनं भिंतीवर डोकं आपटलं, रोहिणीला पोटाशी धरलं. पण तेराव्याच्या आतच दुसरं एक मरण घरात आलं. चौकातल्या हॉटेलात आप्पाराव चहा पिताना म्हणाले होते, "पोरगं गुणाचं होतं. पर त्या दिशी जरा घेतल्यालं होतं म्हणत्यात." म्हणत्यात म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. आप्पाराव म्हणजे गावातलं मोठं खटलं. काळी भरपूर जमीन, पंचायत समितीत बसलेले, सप्ताहातलं अन्नदान त्यांचं. त्यांच्या तोंडून निघालेलं वाक्य चहाच्या कपाबरोबर टेबलाटेबलावर गेलं. येणाऱ्याला कळावं म्हणून ट्रॉलीच्या मागं दगडं लावली होती, लाल कापडही बांधलं होतं, हेही पुढं त्यात मिसळलं. हनुमानानं पोलिसांना तसंच सांगितलं. दारू पिऊन गाडी चालवली आणि मेला, असं रामेश्वरचं मरण ठरून गेलं.

"माळकरी पोरगं माझं," वत्सलाबाई ज्याला त्याला सांगायची. लोक मान हलवायचे. तिच्या पाठीमागं म्हणायचे, आई हाय, म्हणणारच.

एक दिवस आरोही शाळेतून आली ती दप्तर न काढताच कोपऱ्यात बसली. वर्गातल्या एका पोरानं तिला दारुड्याची पोरगी म्हटलं होतं. वत्सलाबाई तशीच उठून आप्पारावांच्या दारात गेली. आप्पाराव ओसरीत बसले होते. म्हणाले, "वैनी, तुमचं दुःख मला कळतंय. लोक काय काय बोलत्यात, मी कुणाकुणाचं तोंड धरू?" तिनं आश्रुबाला म्हटलं, तुमी चला, तुमी बोला. आश्रुबानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "जाऊ दे. देव बघतोय."

देव बघत असेल तर बघू दे, तुमी का बघत बसलाव, असं तिच्या ओठावर आलं होतं. पोराचं वर्षसुद्धा झालं नव्हतं, म्हणून तिनं ते गिळलं.

त्या साली सप्ताह बसला. कीर्तनाला बद्रीनाथ महाराज आले. वयानं तरुण, आवाज गोड, दरदिवशी एकेका वैऱ्यावर बोलायचे. क्रोधाच्या दिवशी ते म्हणाले की, राग म्हणजे दुसऱ्यावर फेकण्यासाठी हातात घेतलेला निखारा, दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आधी आपलाच तळवा जाळतो. बायकांनी माना डोलावल्या. दोघीचौघींनी वत्सलाबाईकडं वळून पाहिलं. ती खाली बघत राहिली. तळवा जळतोय हे खरंच होतं. पण निखारा तिनं हातात घेतला नव्हता, तो तिच्या हातात दिला गेला होता. हे महाराजांना कुणी सांगायचं?

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. मांडव भरून गेलेला, पलीकडं महाप्रसादाच्या कढया चुलाणावर चढलेल्या. टाळकऱ्यांच्या रांगेत हनुमानही गळ्यात टाळ अडकवून उभा होता. कीर्तन रंगात आलं आणि महाराज थांबले. म्हणाले, "आज या मांडवात एक मोठं पुण्य घडणार आहे. गावातलं एक किल्मिष आज धुऊन निघणार आहे. आप्पाराव, वर या. आश्रुबादादा, तुम्हीही या."

वत्सलाबाईला हे काहीच माहीत नव्हतं. तिनं पुरुषांकडं पाहिलं. आश्रुबा उठला होता. म्हणजे त्याला माहीत होतं.

आप्पारावांनी हात जोडले. माईकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "माझ्याकडून कळत नकळत काही चुकलं असंल, तर आश्रुबादादांनी मोठ्या मनानं माफ करावं."

आश्रुबाचे डोळे भरून आले. त्यानं दोन्ही हात पसरले आणि आप्पारावांना मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. महाराज म्हणाले, "पाहा. क्षमेसारखं दुसरं बळ नाही."

आपण कधी उठलो, हे वत्सलाबाईला कळलं नाही. कळलं तेव्हा ती बायकांमधून वाट काढत पुढं गेली होती.

"असंल तर म्हंजे काय?" ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण माईक जवळ असल्यानं तो सगळ्या मांडवात गेला.

"चुकलं असंल तर, म्हणता. चुकलं का न्हाई ते आधी सांगा. काय चुकलं ते सांगा. माफी कशाची मागताव, ते ह्या लोकांना कळू द्या."

आप्पाराव हसले, दमलेल्या माणसासारखं. "वैनी, आजचा दिवस..."

"माझं पोरगं प्यालतं, असं तुमी बोललाव का न्हाई? तेवढंच सांगा. बोललो, ते खोटं होतं, एवढं म्हणा. मग मीबी मिठी मारते."

महाराज एक पाऊल पुढं आले. "माऊली, क्रोध आवरा. आपण इतके दिवस काय ऐकलं?"

"समदं ऐकलं, महाराज. पयल्या दिवसापासून ऐकलं. कामाचं सांगितलं, क्रोधाचं सांगितलं, लोभाचं सांगितलं. खोटं बोलायचं कोणच्या दिवशी हाय?"

महाराजांनी मग अशा वेळी कीर्तनकार करतात तेच केलं. हात वर करून नामाचा गजर सुरू केला. पखवाजावर थाप पडली, टाळ वाजले, मांडव उभा राहिला. वत्सलाबाई काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण देवाच्या नावाखाली तिचा आवाज बुडून गेला. तिनं टाळकऱ्यांकडं पाहिलं. हनुमानाची आणि तिची नजर भिडली. हनुमानानं मान खाली घातली आणि टाळ आणखी जोरात आपटले.

ती मांडवाबाहेर पडली. मागून कुणीतरी येतंय असं वाटलं म्हणून वळली, तर आरोहीचा हात धरून रोहिणी. लग्न झाल्यापासून कधी चारचौघांत तोंड न उघडलेली पोर. ती म्हणाली, "चला आत्या, घरी भाकरी टाकते."

दुपार कलल्यावर आश्रुबा आला. हातात स्टीलच्या डब्यात बुंदी आणि भाजी. त्यानं डबा चुलीजवळ ठेवला. वत्सलाबाईनं तो उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला.

"प्रसाद हाय," आश्रुबा म्हणाला.

"तुमाला म्हाईत होतं."

"काल महाराजांनी बोलावलंतं. म्हणले, मन मोकळं करा. केलं. लई हलकं वाटलं मला."

"तुमाला हलकं वाटलं. आन् पोराचं काय? त्येच्यावरचं कोण काढणार? तुमी कुणाला इचारून माफ केलं? मला इचारलं? रोहिणीला इचारलं?"

"मला भांडण जमत न्हाई. माझा सभावच तसा."

"सभाव न्हाई तो. भ्याव हाय," वत्सलाबाई म्हणाली. "जनम गेला, मी त्याला चांगुलपणा समजत आले. लोक तुमाला देवमाणूस म्हणायचे, मला जहाल म्हणायचे, आन् मी खाली मान घालून ऐकायची. मुकादमानं तुमाला मारलं तव्हा कोण उभं राहिलं? तुमी चांगले राहिलाव, कारण वाईटपणा घ्यायला मी होते."

आश्रुबा खांबाला टेकून बसला. तेवढ्यात आरोही त्याच्याजवळ गेली. ती पोर सकाळपासून विचार करत होती. म्हणाली, "आजोबा, तुमी त्यांना मिठी मारली ना?"

"हां, बाळा."

"मग बाबा खरंच प्यालते का?"

आश्रुबानं सुनेकडं पाहिलं. रोहिणी तव्याकडं बघत होती. भाकरी करपत होती तरी तिनं उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथ महाराज स्वतः दारात आले. बाहेर जीप उभी होती, तिचं इंजिन चालूच होतं. रोहिणीनं घोंगडं अंथरलं. महाराज बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "माऊली, मला सगळी हकिगत माहीत नव्हती. समेट घडवायचाय एवढंच मला सांगितलं होतं. रात्री एक-दोघांनी खरं काय ते सांगितलं. तुमचं बरोबर आहे."

वत्सलाबाईला क्षणभर बरं वाटलं. पण क्षणभरच.

"आधी कावून इचारलं न्हाई?"

"चुकलं माझं."

"मग चला. मांडव अजून सोडला न्हाई. माईकबी, पोंगाबी तिथंच हाय. माझं बरोबर हाय, हे तिथं सांगा."

महाराज अस्वस्थ झाले. "आज कडा गावी कीर्तन आहे, लांब जायचंय. आणि मी तिथं बोललो तर गावात दुफळी होईल. माऊली, मी तुमच्यासाठी सांगतो. हा राग तुम्हाला आतून खाईल."

"खाऊ द्या," ती म्हणाली. "महाराज, एक राग मी केलाय माझ्या जावेवर. तो खाणारा होता, तो तुमी म्हणता तसाच. तो मला वळखू येतो. हा तसला न्हाई. मी ह्यो सोडला तर माझ्या पोराच्या बाजूनं कुणी उरत न्हाई. माझ्या घोंगड्यावर बसून खरं बोलताव आन् मांडवात गजर लावताव. तुमच्या त्या सहा वैऱ्यांत भ्याव न्हाई का? का तो ठेवूनच घेतलाय?"

महाराज उठले. त्यांनी हात जोडले. तिनं जोडले नाहीत. जीप गेली.

हे सगळं आश्रुबा उंबऱ्याशी बसून ऐकत होता. जीपचा आवाज लांब गेल्यावर तो उठला, खुंटीवरची टोपी घातली आणि चौकाच्या दिशेनं चालायला लागला. वत्सलाबाईला वाटलं, तंबाखूला चालला असेल. पण त्याची चाल वेगळी होती. ती मागोमाग गेली.

चौकात मांडव सोडायचं काम चाललं होतं. आप्पाराव खुर्ची टाकून बसले होते, भोवती नेहमीची माणसं. हनुमान रिकाम्या कढया टेम्पोत चढवत होता. आश्रुबा सरळ हनुमानासमोर जाऊन उभा राहिला.

"हनुमान, ट्रॉलीच्या मागं दगडं लावलते का?"

हनुमान कढई धरून तसाच थांबला. "दादा, ते... त्या वेळी सांगितलंय ना समदं."

"मला सांग."

जन्मात आश्रुबानं कुणाला असा सवाल केला नव्हता. वत्सलाबाई ओरडली असती तर लोकांनी मान फिरवली असती, ती काय नेहमीचीच. आश्रुबा बोलतोय म्हटल्यावर मांडव सोडणाऱ्यांचे हात थांबले. हॉटेलातले लोक बाहेर आले. आप्पाराव म्हणाले, "आश्रुबादादा, काल मिटलंय ते."

"मिटलं न्हाई, आप्पा. काल मी भ्यालतो म्हणून मिठी मारली. ती मी माघारी घेतली," आश्रुबा म्हणाला. "हनुमान, तू बोल. माझी नात मला इचारती, मला जवाब द्यायचाय."

हनुमानानं कढई खाली ठेवली.

"न्हवते लावलते," तो म्हणाला. "दगडंबी न्हवते, कापडबी न्हवतं. आमाला घाई होती, कारखान्यावर नंबर लागायचा होता. आन् रामेश्वर प्यालेला न्हवता. मी मिस्त्रीला घेऊन आलो तव्हा तो शुद्धीत होता. तोंडाजवळ कान नेला मी. वास न्हवता. पाणी मागत होता."

हे वत्सलाबाईनं पहिल्यांदाच ऐकलं. जागच्या जागी गेला, असंच तिला सर्वांनी सांगितलं होतं.

"दिलंस का?" तिनं विचारलं.

हनुमान रडायला लागला. "न्हाई, काकू. मी आप्पांना फोन लावीत होतो. पुन्हा बघितलं तर..."

तिचा हात उठला. लोकांना वाटलं, आता ही याला मारणार, आणि मारलं असतं तर कुणी अडवलंही नसतं. पण तो हात तिनं स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. मग ती आप्पारावांकडं वळली. "ऐकलं? आता बोला. चुकलं असंल तर न्हाई. चुकलं, म्हणा."

आप्पाराव उठले, चपला घातल्या आणि गाडीकडं निघाले. खुर्ची तशीच राहिली. त्यांच्या भोवतीच्या माणसांपैकी दोघं सोबत गेले, बाकीचे तिथंच थांबले. त्या माणसांचं थांबणं गावानं पाहिलं.

त्याच दिवशी वत्सलाबाईनं हनुमानाला काळीपिवळी जीपमध्ये बसवून केजला नेलं. वाटेत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पोलीस ठाण्यात त्यानं पुन्हा जबाब दिला. आप्पारावांनी त्याला ट्रॅक्टरवरून काढून टाकलं. केस कोर्टात उभी आहे, तारखा पडतात, रोहिणी जाते. आप्पारावांनी आजवर 'चुकलं' म्हटलेलं नाही आणि वत्सलाबाई त्यांच्या घरच्या कोणत्याही कार्याला गेलेली नाही. ते समोरून आले की ती रस्ता बदलत नाही, थेट डोळ्यांत बघते. तेच बाजूला होतात. मात्र रामेश्वर प्यालेला होता, हे गावात आता कुणी म्हणत नाही. आरोहीला आश्रुबा रोज शाळेत सोडायला जातो आणि फाटकात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी आपण होऊन बोलतो.

त्याच्याशी वत्सलाबाई बोलते, जेवायला वाढते. पण एकदा तो म्हणाला, "मी बोललो ना शेवटी?" तेव्हा ती म्हणाली, "बोललाव. पर लई उशिरा." ते त्यानं ऐकून घेतलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत हनुमान तिच्या रानात आला. बांधावर उभा राहून म्हणाला, "काकू, माझं चुकलं. खोटं बोललो आन् पाणीबी दिलं न्हाई. मला माफ करा."

त्याच्या बोलण्यात 'असंल तर' नव्हतं, हे तिला लगेच जाणवलं. ओटीतला कापूस तिनं गाठोड्यावर टाकला.

"तू बोललास ते बरं केलंस," ती म्हणाली. "माफीचं मला आत्ता इचारू नको. माझ्यात न्हाई ती. आली तर मी सोता येऊन सांगन. तोवर खोटं सांगायची न्हाई तुला."

हनुमान मान हलवून बांधानं निघून गेला. वत्सलाबाई पुढच्या ओळीला लागली. राग होता तसाच होता. फक्त आता त्याची तिला लाज वाटत नव्हती.